विहिरीवरचं इंजन, ट्रॅक्टरचं रेडिएटर आणि पाण्याची जुनी सवय



उसाचा हंगाम संपत आला की मुदखेड, अर्धापूर, भोकर भागातल्या गॅरेजांसमोर ट्रॅक्टर आणि ट्रक रांगेनं उभे दिसतात. चार-पाच महिने कारखान्याच्या रस्त्यावर ओझं ओढलेलं असतं, आता इंजन बांधायला आलेलं असतं. मिस्त्री लायनर काढून फरशीवर ठेवतो. लायनर आतून घासलेला असतो, ते समजू शकतं, कारण आत पिस्टन चालतो. पण ज्या बाजूला फक्त पाणी असतं, त्या बाहेरच्या अंगालाही बारीक बारीक खड्डे पडलेले दिसतात. घुणानं पोखरलेलं लाकूड असतं तसं. एखादा खड्डा आरपार गेला की रेडिएटरचं पाणी ऑईलमध्ये उतरतं, ऑईल चहासारखं दुधाळ होतं आणि एखाद्या एकराच्या उसाची पट्टी त्या कामात जाते.

नुसत्या पाण्यानं एवढं जाड लोखंड कसं खाल्लं? "आता लोखंडच हलकं यायलंय" असं म्हणून लोक मोकळे होतात. आणि कूलंटचं नाव काढलं तर उत्तर ठरलेलं, "ते काश्मीरच्या गाड्यांचं औषध. आपल्याकडं कुठं बर्फ पडतंय?"

हे उत्तर खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. बाकीचं अर्धं समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं. आपल्या भागात इंजनाला पाणी पाजायच्या तीन रीती आल्या, रेल्वेची, विहिरीवरची आणि ट्रॅक्टर-ट्रकची. आपण दुसऱ्या रीतीची सवय तिसऱ्या मशीनला लावली, तिथं घोळ झाला. आजची नोंद त्याच्यावर.

आधी रेल्वेचं पाणी

आपल्याकडं मोठं इंजन पहिल्यांदा आलं ते रुळावरून. निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटर गेज लाईन १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत झाली आणि मुदखेड त्या लाईनीवर आलं. पुढं भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादला जाणारा फाटा इथून निघाला आणि मुदखेड जंक्शन झालं.

वाफेच्या इंजनाला कोळसा लागायचा, पण त्याच्या कितीतरी पट पाणी लागायचं. एक किलो कोळसा जाळला की पाच-सात किलो पाण्याची वाफ व्हायची. वाफ निघून जाते, पण पाण्यातले क्षार वाफेसोबत जात नाहीत, ते मागंच राहतात. अंघोळीचा तांब्याचा बंब ज्यांच्या घरी होता त्यांना हे सांगायला नको. वर्षभरात बंबाच्या आत पांढरा, दगडासारखा थर बसतो आणि मग पाणी तापायला जास्त जळण लागतं.

बॉयलरचंही तसंच. नळ्यांवर थर बसला की आग आणि पाणी यांच्यामध्ये भिंत उभी राहते. कोळसा जास्त जळतो, नळीचं लोखंड नको तेवढं तापतं आणि शेवटी नळी फुटते. म्हणून रेल्वेवाले पाण्याला सोड्यासारखे पदार्थ लावून ते मऊ करायचे, बॉयलरच्या तळाचं गाळाचं पाणी अधूनमधून सोडून द्यायचे आणि ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून धुऊन काढायचे. जवळच पूर्णा जंक्शनला वाफेच्या इंजनांचं शेड होतं. अशा शेडात बॉयलर धुणं हे नेहमीचं काम.

म्हणजे इंजनात कुठलं पाणी घालायचं, कसं तपासायचं, त्यात काय मिसळायचं ही विद्या आपल्या शिवारातून शंभर वर्षांपूर्वीच धावत होती. पण ती रुळावरच राहिली, बांधावर उतरली नाही.

मग विहिरीवरचं इंजन

शेतकऱ्याच्या हातात इंजन आलं ते विहिरीवर. त्याच्या आधी मोट होती. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानं स्वातंत्र्याच्या आधीच डिझेल इंजनं बनवली. किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती नांगर आणि शेतीची अवजारं करायला, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही वेगळी कंपनी सुरू झाली. विलायतेची लिस्टर इंजनं होतीच, पुढं त्याच घडणीची इंजनं गुजरातेत राजकोटला बनू लागली. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता. विहिरीविहिरीवर इंजनाचा ठोका ऐकू यायला लागला तो मुख्यतः त्याच्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत, वीज शिवारात पोचायच्या आधी.

या इंजनाला रेडिएटर नव्हतं. कशाला हवं? इंजन पाणीच उपसायचं. पंपाच्या पाईपाला एक बारीक नळी काढायची, ती इंजनाच्या पाण्याच्या कप्प्यात सोडायची आणि दुसऱ्या बाजूनं गरम झालेलं पाणी पाटात पडायचं. हिवाळ्यात पहाटे त्या गरम पाण्यावर अंघोळी व्हायच्या, हे आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना आठवत असेल.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. या रीतीत पाणी इंजनाला एकदाच भेटायचं आणि पुढं निघून जायचं. थोडाफार थर बसायचा, गंज चढायचा, पण पाण्यात जे काही होतं त्यातलं बहुतेक पाण्यासोबतच पिकात जायचं. इंजन एका ठिकाणी, सावकाश फिरणारं, जाड बिडाचं. लिस्टरचं जुनं ६ हॉर्सपॉवरचं इंजन मिनिटाला ६५० फेरेच घ्यायचं. असल्या इंजनाला विहिरीचं कुठलंही पाणी चालून गेलं.

त्याच्यातून आपल्या दोन सवयी पक्क्या झाल्या. एक, ताजं पाणी म्हणजे चांगलं पाणी. दोन, इंजन जेवढं थंड तेवढं बरं. पंपसेटच्या पुरतं पहिलं बरोबर होतं. दुसरं तिथंही पुरतं बरोबर नव्हतं, कारण फार गार पाणी सोडलं की इंजन डिझेल जास्त खायचं. पण सवय ती सवय.

तिकडं विलायतेत काय चाललं होतं

रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला मागं विहीर बांधता येत नाही. कार्ल बेंझनं १८८६ साली जर्मनीत मोटारगाडीचं पेटंट घेतलं. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि वरून परत घालावं लागायचं. १८८८ साली त्याची बायको बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्झहाइम असा शंभर किलोमीटरच्या वरचा प्रवास करून आली. वाटेत जिथं मिळेल तिथून ती पाणी भरत गेली. आपले जुने ट्रक डायव्हर घाटात गाडी थांबवून किन्नरला डबा घेऊन ओढ्यावर पिटाळायचे, त्यातलाच हा प्रकार.

१९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यानं मधमाशीच्या पोळ्यासारखं रेडिएटर बनवलं. आता तेच पाणी इंजनातून रेडिएटरमध्ये, वारा खाऊन थंड होऊन परत इंजनात, असं फिरायला लागलं. १९०८ च्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर थोड्या सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर पाण्याला पंपच नव्हता. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि गार पाणी खाली उतरतं, तेवढ्यावर काम चालायचं.

पण युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात पाणी गोठतं. गोठताना पाणी फुगतं आणि इंजनाचा ब्लॉक तडकतो. म्हणून लोक पाण्यात दारूच्या जातीचं स्पिरिट घालायचे, ग्लिसरीन घालायचे. स्पिरिट तापलं की उडून जायचं, परत घालावं लागायचं. मग एथिलिन ग्लायकॉल आलं. फ्रान्सच्या वुर्त्झ नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते १८५९ साली बनवलं होतं, पण बरीच वर्षं त्याला मोठं काम नव्हतं. पहिल्या महायुद्धात ते स्फोटकांच्या कामात आलं आणि १९२७ साली अमेरिकेत ते प्रेस्टोन या नावानं गाडीच्या रेडिएटरसाठी विकायला आलं. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं केलं की ते उणे ३७ अंशापर्यंत गोठत नाही. तेच मिश्रण उकळतंही उशिरा, १०७ अंशाच्या आसपास, आणि रेडिएटरचं दाबाचं टोपण नीट असेल तर आणखी वीसेक अंश वर.

आता महत्त्वाचं. ग्लायकॉल एकटं धातूला बरं नसतं. तापून तापून ते हळूहळू आंबट होतं आणि आंबट पाणी लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम सगळं खातं. म्हणून डब्यात ग्लायकॉलसोबत गंज रोखणारे, आंबटपणा मारणारे, फेस न होऊ देणारे पदार्थ घालावे लागले. ही त्यातली खरी औषधं. वजनानं ती थोडी असतात, पण इंजन तीच राखतात.

थंड मुलखातल्या माणसानं डबा आणला तो बर्फाच्या भीतीनं. त्याच्यासोबत ही औषधंही त्याच्या इंजनात आपोआप गेली. आपल्याकडं बर्फ नाही, म्हणून डबा आला नाही, आणि डबा नाही म्हणून औषधंही आली नाहीत. नुकसान झालं ते इथं. 'अँटीफ्रीझ' या नावानंच आपल्याला बाजूला बसवलं.

ट्रॅक्टर आला, सवय तीच राहिली

१९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक निघायला लागले. १९६३ साली महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीसोबत ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि बी-२७५ बाजारात आला. आयशरचे जुने ट्रॅक्टर वाऱ्यावर थंड होणारे होते, त्यांना पाण्याची भानगडच नव्हती. बाकी बहुतेकांच्या नाकाडावर रेडिएटर.

विहिरीच्या इंजनाची सवय झालेल्या माणसानं रेडिएटरकडं कसं पाहिलं? पाणी कमी झालं, घाल बादलीतलं. लाल झालं, सोडून दे आणि ताजं भर. तापतंय, मग थर्मोस्टॅट काढून फेक. ते सगळं पंपसेटचंच शहाणपण होतं, फक्त मशीन दुसरं होतं.

त्यात १९७२ चा दुष्काळ पडला. बोअर पाडायची यंत्रं मराठवाड्यात फिरली आणि पुढच्या काळात विहिरीपेक्षा बोअरचं पाणी जास्त वापरात आलं. खडकात मुरून राहिलेलं खोलचं पाणी बहुधा जड असतं. ठिबकच्या नळीला तोटीतोटीवर पांढरं साचतं आणि आपण ॲसिड सोडून ती मोकळी करतो, ते हेच क्षार.

एक साधा हिशोब करू. धरा, रेडिएटर आणि इंजन मिळून १२ लिटर पाणी बसतं. टोपण ढिलं आहे किंवा होज झिरपतोय, म्हणून रोज अर्धा लिटर बोअरचं पाणी वर घालावं लागतं. १५० दिवसांच्या हंगामात ७५ लिटर पाणी गेलं. त्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार धरले तर साडेसदतीस ग्रॅम झाले. पाणी वाफ होऊन उडालं तर क्षार मागंच. ते बसतात कुठं? जिथं सगळ्यात जास्त ताप आहे तिथं, म्हणजे हेडमध्ये आणि लायनरच्या वरच्या अंगाला. वाफेच्या बॉयलरचीच गोष्ट ही. थर बसलेल्या जागी लोखंडाचा ताप पाण्यापर्यंत पोचत नाही. मीटरचा काटा ठीक दाखवतो आणि आत हेड वाकडं होतं, गॅसकेट जातं.

पिण्याचं पाणी चालेल का, असं विचारतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलाय. अवजड इंजनाच्या एका नावाजलेल्या कंपनीच्या पुस्तकात रेडिएटरच्या पाण्याची हद्द १७० आहे, आणि क्लोराइडची फक्त ४०. माणसाला चालतं ते पाणी इंजनाला चालेलच असं नाही.

लायनरला खड्डे कशानं पडतात

आता सुरुवातीच्या खड्ड्यांकडं येऊ. ते नुसत्या गंजाचे नाहीत.

ही भानगड पहिल्यांदा कळली ती जहाजांना. १८९० च्या दशकात इंग्लंडचा पार्सन्स टर्बाइनचं जहाज करत होता तेव्हा पंखा फार जोरात फिरला की पाण्यात पोकळ बुडबुडे व्हायचे आणि जोर वाया जायचा. पुढं असं दिसलं की हे बुडबुडे फुटताना पंख्याची पितळ पण खातात. १९१७ साली रॅले नावाच्या शास्त्रज्ञानं गणित मांडून दाखवलं की बुडबुडा मिटताना त्याच्या जागी प्रचंड दाब तयार होतो.

डिझेल इंजनात ज्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं त्याला ओला लायनर म्हणतात. आत डिझेलचा भडका झाला की पिस्टन लायनरवर आदळतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. थरथरताना तो पाण्यापासून क्षणभर मागं सरतो, तिथं बुडबुडा होतो, लायनर परत आला की बुडबुडा फुटतो. एका जागी, सेकंदाला किती वेळा. प्रत्येक वेळी लोखंडाचा कण निघतो. जेवढं ओझं जास्त तेवढा मार जास्त. म्हणून दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं, उसाच्या ट्रकचं, हार्वेस्टरचं, बोअरच्या गाडीचं इंजन याला लवकर बळी पडतं.

याच्यावर उपाय म्हणून अवजड इंजनांच्या कूलंटमध्ये नायट्राइट आलं, काही ठिकाणी त्याच्यासोबत मॉलिब्डेट. नायट्राइट लायनरवर एक बारीक, टणक पापुद्रा धरतं. बुडबुडा फुटला की पापुद्रा जातो, लोखंड वाचतं, आणि पापुद्रा परत धरतो. पण प्रत्येक वेळी थोडं औषध खर्च होतं. म्हणून ते एकदा घालून विसरायचं नसतं, तपासून वरून द्यायचं असतं. जुन्या पद्धतीच्या अवजड इंजनांना साधारण २५० तासांनी तपासणी सांगितलेली असायची. काही मोठ्या इंजनांना तर पाण्याचा वेगळा फिल्टर असतो आणि त्या फिल्टरमध्येच औषध भरलेलं असतं. पुण्याला १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स कंपनी निघाली, त्या जातीच्या मोठ्या इंजनांमुळं ही पाण्याच्या फिल्टरची रीत आपल्या राज्यातल्या मिस्त्र्यांना माहिती झाली.

औषध लागतं किती? नायट्राइटवर चालणाऱ्या अवजड कूलंटला अमेरिकेच्या मानकात कमीत कमी १२०० पीपीएम सांगितलंय, म्हणजे लिटरला १.२ ग्रॅम. आपल्या १२ लिटरच्या हिशोबात जेमतेम १५ ग्रॅम. वर काढलेले क्षार होते साडेसदतीस ग्रॅम. आपण इंजनात काय घालतो आणि काय घालत नाही, ते एवढ्यावरून कळावं.

रेल्वेनं परत दाखवून दिलं

वाफ गेली आणि रुळावर डिझेल आलं. आपल्या मीटर गेजवर वायडीएम-४ इंजनं बरीच वर्षं धावली. ब्रॉडगेजच्या डब्ल्यूडीएम-२ इंजनात हजार लिटरच्या वर पाणी बसतं. हे पाणी नळाचं नसतं. डिझेल शेडात क्षार काढलेलं पाणी तयार करतात आणि त्यात गंज रोखणारं औषध मोजून घालतात. पूर्वी जगभरात रेल्वे इंजनांना क्रोमेट नावाचं औषध वापरायचे. ते माणसाला घातक ठरलं म्हणून मागं पडलं आणि बोरेट-नायट्राइटचं औषध आलं.

यात ग्लायकॉल नाही! म्हणजे ज्या इंजनाला गोठायची भीती नाही त्यालाही औषधाचं पाणी लागतं, हे रेल्वे इथंच, आपल्या डोळ्यांदेखत करून दाखवत होती. 'आपल्याकडं कुठं बर्फ पडतंय' या प्रश्नाचं उत्तर मुदखेडच्या फलाटावर उभं होतं.

नवीन रंग, नवीन घोळ

१९९० च्या दशकात दुसऱ्या जातीचं कूलंट आलं. त्यात सेंद्रिय आम्लांची औषधं असतात, ती सावकाश खर्च होतात. जुन्या हिरव्या कूलंटचं आयुष्य साधारण दोन वर्षं, याचं पाच वर्षं आणि वर. कंपन्यांनी ओळखू यावं म्हणून नारिंगी, गुलाबी असे रंग दिले. पण रंगाचा काही सरकारी कायदा नाही. एका कंपनीचं हिरवं आणि दुसरीचं हिरवं एक असेलच असं नाही. वेगवेगळ्या जाती मिसळल्या की दोन्हींचं औषध कमजोर होतं, काही वेळा आत चिकट गाळ होतो.

इंजनंही बदलली. तांब्या-पितळेची रेडिएटरं जाऊन ॲल्युमिनियमची आली. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांना बीएस-६ लागू झालं, आणि ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना नवीन धुराचे नियम २०२३ पासून. धूर कमी करायला बऱ्याच इंजनांत जळालेली हवा थंड करून परत आत घेतात. ती थंड करायचं कामही याच पाण्यावर. म्हणजे पाण्यावरचं ओझं वाढलं, जागा अरुंद झाली आणि धातू नाजूक झाला. विहिरीवरच्या बिडाच्या इंजनानं जे सोसलं ते हे सोसणार नाही.

एक सावधगिरी

ग्लायकॉल गोड असतं आणि विषारी असतं. सांडलेलं कुत्रं चाटतं, वासरू पितं, आणि मूत्रपिंडं निकामी होतात. त्याचाच भाऊबंद डायएथिलिन ग्लायकॉल. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली औषधाच्या ग्लिसरीनमध्ये ते मिसळलेलं निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. म्हणून जुनं कूलंट पाटात, ओढ्यात, गोठ्याजवळ सोडू नका. पाण्याच्या बाटलीत तर भरूच नका, लेकरं सरबत समजून पितील.

मग करायचं काय

इतिहास सांगून झाला, आता कामाचं.

१. आधी गळती बंद करा. टोपणाचं रबर, होज, वॉटर बॉडी पहा. पाणी कमी होत नसेल तर नवीन क्षार आत जात नाहीत. टोपण गरम इंजनावर उघडू नका.

२. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी बंद. बॅटरीत घालतात ते डिस्टिल वॉटर चांगलं. बॅटरीचं ॲसिड वेगळं आणि पाणी वेगळं, दुकानात नीट सांगून घ्या. नुसतं डिस्टिल किंवा आरोचं पाणी घालून भागत नाही. त्यात क्षार नसतात, पण औषधही नसतं, गंज चढतोच.

३. कूलंट घेताना रंग पाहू नका. डब्यावर आयएस ५७५९ हे मानक आहे का, आपल्या इंजनाच्या पुस्तकात सांगितलेली जात आहे का ते पहा. घट्ट कूलंट असेल तर पुस्तकातल्या मापानं डिस्टिल वॉटर मिसळा. तयार मिसळलेलं असेल तर त्यात परत पाणी घालू नका. जास्त घातलं की जास्त चांगलं, असंही नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी ताप वाहतं.

४. ओल्या लायनरचं अवजड इंजन असेल तर कारच्या साध्या कूलंटवर भागवू नका. नायट्राइट तपासायच्या पट्ट्या मिळतात, साखर तपासायच्या पट्टीसारख्या. औषध कमी असेल तरच वरून द्या. जास्त झालं तरी गाळ होतो. नुसत्या ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणाऱ्या मीटरनं औषध कळत नाही, हे लक्षात ठेवा. लांब आयुष्याच्या काही कूलंटांत नायट्राइट नसतंच. तिथं ही पट्टी नको, त्या कंपनीच्या पुस्तकाप्रमाणं चला.

५. थर्मोस्टॅट काढून टाकू नका. बिघडला तर बदला. इंजन कायम गार राहिलं की डिझेल जास्त जातं आणि लायनर-रिंगा लवकर झिजतात.

६. आधी बोअरचं पाणी वापरलेलं असेल तर कूलंट भरायच्या आधी मिस्त्रीकडून आतून धुऊन घ्या. गाळावर औषध वाया जातं.

आपण फवारणीच्या पाण्याचा सामू तपासायला शिकलो, कारण जड पाण्यात औषध वाया जातं हे पिकानं दाखवलं. मातीची तपासणी करायला शिकलो. ठिबकला ॲसिड द्यायला शिकलो. रेडिएटरमधलं पाणी दिसत नाही म्हणून तेवढं राहून गेलं. डोळ्याला दिसतं ते लायनरवर, आणि तोपर्यंत पैसे जायचे ते गेलेले असतात.

मोटेवरचा माणूस इंजनावर आला तेव्हा बरंच नवीन शिकला. ऑईल कधी बदलायचं, नोझल कधी साफ करायचं, फुटव्हॉल्व कसा बसवायचा. पाण्याचं शिकायची त्याला गरज पडली नाही, कारण पाणी वाहतं होतं. आता ते एका डबक्यात बंद आहे आणि तेच ते फिरतंय. डबक्यातलं पाणी राखावं लागतं, एवढीच या सगळ्या इतिहासाची शिकवण.

मे महिन्यात आपल्याकडं पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जाणार. नांगरटीला ट्रॅक्टर बाहेर काढायच्या आधी एकदा टोपण उघडून पहा, इंजन गार असताना. पाणी लाल दिसलं, की समजा आत लोखंड विरघळतंय. तुमच्या शिवारात अजून कुणाकडं पाटात गरम पाणी सोडणारं जुनं इंजन चालू असेल तर त्याचा फोटो आणि त्या इंजनाचं वय जरूर कळवा.